काचेचा कापूस

जळगावात मे महिन्याच्या भर दुपारी कुणी पूर्ण बाह्यांचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून आणि पायात मोजे घालून बसलेला दिसला, तर माणसं समजतात की याला हिवताप तरी आलाय, नाही तर याचं डोकं तरी फिरलंय. आमचे घरमालक बाराही महिने तसेच बसायचे. हिवताप त्यांना कधी आल्याचं मी ऐकलं नाही. डोक्याबद्दल मात्र गल्लीत दोन मतं होती.

सगळे त्यांना नाना म्हणत, म्हणून मीही नानाच म्हणायला लागले. मी मूळची धुळ्याची. जळगावातल्या एका प्राथमिक शाळेत नोकरी लागली आणि नशिराबादच्या रस्त्याला त्यांच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली. पुढच्या दोन खोल्या पत्र्याच्या, तिथे नाना आणि त्यांची बायको, अक्का. मागची एकच खोली स्लॅबची, ती माझी. पहिल्या दिवशी सामान आत नेताना मधलं दार जरा उघडं राहिलं, तर पलीकडून आवाज आला, "दार लाव वं बाई, गारवा पयी ऱ्हायना."

गारवा पळतोय म्हणे. जसं काही दावं तोडून वासरू निघालंय! मी दार धाडकन लावलं. माझी जीभ आणि माझे हात दोन्ही जरा तिखटच आहेत, आई म्हणायची हिला सासर मिळायचं नाही, आणि तसंच झालं. पण नानांना माझा राग आला नाही. उलट दुसऱ्या दिवशी अक्कांना सांगत होते, पोरगी चांगली शे, दार घट्ट लावते.

माणूस चांगला की वाईट हे ते दारावरून ठरवायचे. दार सताड टाकून आत येणारा पाहुणा कितीही जवळचा असो, त्याला दुसऱ्यांदा चहा मिळत नसे. आणि चहा तरी काय! उकळता चहा त्या घरात कुणी प्यायचा नाही. बशीत ओतायचा, साय धरेपर्यंत तिच्याकडे बघत बसायचं, मग प्यायचा. ऊन म्हणजे पाव्हना, असं त्यांचं म्हणणं. "पाव्हनाले वट्टावर बसाडानं. घरमा लयी येवानं नही." मी एकदा म्हटलं, नाना, हा पाहुणा आपल्याकडे आठ आठ महिने मुक्काम ठोकतो, त्याला ओट्यावर किती दिवस बसवणार? ते गंभीरपणे म्हणाले, "बसू दे. तो थकी जाई, मी थकावाव नही." हसावं की नाही तेच मला कळेना.

त्यांचं काम ऐकलं तेव्हा मात्र थोडा उलगडा झाला. मिसरूड फुटल्यापासून ते ठेकेदाराबरोबर बॉयलरांना गोधड्या घालत हिंडले होते. गोधडी हा त्यांचाच शब्द. बॉयलर असतो, वाफेचे पाइप असतात, त्यांच्याभोवती जाड गाद्या गुंडाळायच्या, जाळीने आवळायच्या, वरून पत्रा ठोकायचा, म्हणजे आतली धग आतच राहते. तेलाच्या गिरण्या म्हणू नका, साखर कारखाने म्हणू नका, दीपनगरच्या वीजकेंद्राची कामं म्हणू नका, सगळा खानदेश त्यांनी पालथा घातला. त्या गाद्या ज्याच्या असतात त्याला साहेब लोक ग्लासवूल म्हणत. नाना म्हणत काचेचा कापूस. कापसाच्या मुलखातला माणूस दुसरं काय म्हणणार. दिसतोही तसाच, पिवळसर, मऊ. हात लावला की मग कळतं तो किती मऊ आहे ते, दिवसभर खाजवत बसायचं.

त्या कापसाने त्यांनी स्वतःचं घर मढवलं होतं. त्यालाही कारण होतं. एका वैशाखात नाना कुठल्याशा गिरणीत दुसऱ्याच्या बॉयलरची धग सांभाळत होते आणि इकडे पत्र्याच्या खोलीत अक्का ऊन लागून पडल्या. शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं, वाचल्या. पण तेव्हापासून जरा उष्णता झाली की चक्कर यायची, जीभ जड व्हायची. डॉक्टरांनी सांगितलं, थंड जागेत ठेवा. नानांनी सुट्टी घेतली, बाजारातून कापसाच्या गुंडाळ्या आणल्या, पत्र्याखाली प्लायवूडचं छत ठोकलं आणि मधली सगळी पोकळी त्या कापसाने भरून काढली. एकट्याने. शिडी धरायलाही कुणाला बोलावलं नाही. अक्का ओट्यावर बसून पाहत होत्या, तर त्यांनाही म्हणाले, लांब बस, तुझं काम नाही.

आणि खरं सांगायचं तर खोली झालीच होती तशी. बाहेर डांबर वितळायचं आणि आत अक्का पायावर लुगड्याचा पदर ओढून बसायच्या. गल्लीतल्या बाया नानांना वेडा म्हणायच्या, आणि दुपारी निवडायचं धान्य घेऊन त्याच वेड्याच्या घरात येऊन बसायच्या. नाना मधूनमधून उठायचे, हाताची मागची बाजू भिंतीला लावायचे, छताला लावायचे, आणि मग तोच हात अक्कांच्या कपाळाला. दोन्हीकडे सारखं लागलं की समाधानाने परत खुर्चीत. अक्का माझ्याकडे बघून म्हणायच्या, "मी काय बॉयलर शे का वं?"

मूलबाळ नव्हतं. दोघं एकमेकांशी फार बोलायचेही नाहीत. पण काम सोडून घरी बसल्यापासून त्या माणसाने बायकोच्या कपाळाला हात लावायचं एका दुपारीही चुकवलं नसेल. मला कधीकधी त्याचा हेवा वाटायचा, हेही सांगून टाकते.

मग त्या वर्षी चैत्रात गारपीट झाली. आमच्याकडे अवकाळी काही नवीन नाही, पण त्या संध्याकाळी लिंबाएवढ्या गारा पडल्या. केळीच्या बागा आडव्या झाल्या, मोटारींच्या काचा फुटल्या, आणि नानांचा पत्रा जिथे जिथे खिळ्याजवळ गंजला होता तिथे तिथे फाटला. पाऊस थांबला. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. नानांनी वर चढून भोकांना डांबर फासलं. तरीही घरात छत ठिबकतच राहिलं, कारण पाणी पत्र्यावर नव्हतं, कापसात होतं. प्लायवूडला पोटं सुटली, तपकिरी डाग पडले, आणि खोलीत भिजलेल्या कडब्यासारखा वास येऊ लागला.

मी म्हटलं, नाना, काढून फेका ते सगळं. नवीन भरू, मी मदतीला येते.

"फेकानं?" नाना माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी अक्कांनाच फेकायला सांगितलं होतं. "चांगला कापूस शे. ऊन कसाले शे मंग?"

मी जे ऐकलं त्यावर माझा विश्वास बसेना. ज्या माणसाने जन्मभर उन्हाला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही, तो आज उन्हाचं नाव घेत होता. पण आपल्याकडचं माणूसच ते. आपल्याकडे काय वाळत घालत नाहीत? डाळ भिजली, घाल उन्हात. गोधडी ओली झाली, घाल उन्हात. चैत्र-वैशाखाचं ऊन फुकट जाऊ देणाऱ्या बाईला आमच्याकडे आळशी समजतात. माझ्या खोलीवरच्या गच्चीत तेव्हा खाटांवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत होतेच. नानांनी छत खोललं, ओल्या गाद्या एकेक करून खाली घेतल्या, गच्चीवर नेल्या आणि बिबड्यांच्या शेजारी पसरल्या. आणि खाली वाकून अक्कांना हाक मारली, "चाल, तू बी ये."

अक्का वर गेल्या. उन्हाची वेळ टाळून, सकाळच्या पारी आणि उतरत्या दुपारी, रोज. एका हाताने बिबडे उलटायच्या, दुसऱ्या हाताने कापूस. वरून वाळला की आतून मोकळा करायचा, मग पुन्हा पसरायचा. पुरता वाळला तेव्हा दोघांनी मिळून तो गोधडीसारखा काठीने झोडपला, धूळ निघून जावी म्हणून. मी शाळेतून आले तर जिन्यावर पिवळट धुरळा तरंगत होता आणि त्याच्या मध्ये अक्का, डोक्यावर पदर, तोंड उघडं, खोकत आणि हसत. मी खालूनच ओरडले, अहो नाना, ती काच आहे! निदान तोंडाला काही बांधा तरी! नाना म्हणाले, आता झालंच, दोन गाद्या राहिल्या.

वाळलेला कापूस परत छतात गेला. त्याच्या पोटात काळी बुरशी तशीच होती, वाळली की ती दिसत नाही एवढंच.

खोकला आधी कोरडा होता. मग संध्याकाळी बारीक ताप यायला लागला. हळद-दूध झालं, अडुळसा झाला, कुणी सांगितलं म्हणून ज्येष्ठमध झालं. मध्येच पुतण्याच्या लग्नाला अक्का शिंदखेड्याकडे गावी गेल्या, आणि तिथे खोकला थांबला. चक्क जेवायला लागल्या, नवरीच्या हळदीला गाणी म्हटली म्हणे. परत आल्या, खोलीत पाऊल टाकलं, दार घट्ट लावलं, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, उलट जास्त. मी नानांना स्पष्ट सांगितलं की हे तुमच्या छताचं दुखणं आहे. ते म्हणाले, गावाकडची हवा चांगली असते.

शेवटी मीच दोघांना रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी छातीच्या फोटोकडे बघून पहिलाच प्रश्न विचारला, घरात ओल आहे का? मी सगळं सांगितलं. नाना मोज्यांकडे बघत बसले होते. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, यांची फुफ्फुसं मुळातच दुबळी आहेत, आता ती आतून कडक व्हायला लागली आहेत. ते छत आजच्या आज काढा, नाही तर यांना दुसरीकडे ठेवा."

"काढं तर ऊन वरून येई," नाना म्हणाले. "उन्हानी मरी जाई ती."

"आणि नाही काढलं तर?" डॉक्टरांनी विचारलं.

नानांनी हाताची मागची बाजू अक्कांच्या कपाळाला लावली.

त्यात त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येत नाही. वैशाख तापला होता. पत्रा उघडा केला असता तर अक्का त्याखाली एक दुपार काढू शकल्या नसत्या. मी त्यांना माझ्या खोलीत आणलं, पण स्लॅब रात्रीसुद्धा तव्यासारखा तापलेला. पहाटे त्यांना भोवळ आली, जीभ जड झाली, आणि नाना त्यांना उचलून परत आपल्या गार खोलीत घेऊन गेले. गावी पाठवायचं म्हटलं तर त्या जायला तयार नाहीत. एवढ्या आजारपणात परक्या दारात जाऊन पडू का, म्हणाल्या. नवीन कापूस आणून लगेच भरू म्हटलं, तर जुना काढताना जो धुरळा उडेल तो कुठे जाणार? मग नानांनी ठरवलं, पाऊस पडू दे. हवा गार झाली की काढतो. आणि आम्ही सगळे पावसाची वाट बघत बसलो. ज्या खोलीत त्या उन्हापासून वाचत होत्या त्याच खोलीत त्यांचा श्वास जात होता, आणि आम्ही भिंतीला टेकून बघत होतो.

पाऊस आला तोपर्यंत अक्कांना अंगणातल्या नळापर्यंत चालवत नव्हतं.

त्या सकाळी नानांनी मजूर बोलावला नाही. अक्कांना माझ्या पलंगावर निजवलं, मधलं दार लावून त्याच्या फटीत ओले टॉवेल कोंबले. कपाशीवर फवारायचा पाठीवरचा पंप कुणाकडून तरी मागून आणला होता. आधी छताच्या फटींतून पाणी मारलं. मग एक पट्टी काढली, आत पाणी मारलं, कापूस पुरता ओला केला, तेव्हा कुठे हात घातला. गादी आतल्या बाजूला दुमडायची, हळू खाली घ्यायची, खताच्या रिकाम्या गोणीत सरकवायची, गोणीचं तोंड बांधायचं, बाहेरून पुसायची. एक कण उडू दिला नाही. गाद्यांची खालची बाजू काळी पडली होती, काही ठिकाणी अजून आतून पाणी गळत होतं. मी गोण्या धरायला गेले तर माझ्यावर केवढ्याने खेकसले, "तोंड बांध पहिले! हाई गयामा जास!"

घशात जातं. मला सांगत होते, घशात जातं! माझा तोल सुटला. मी गोणी तिथेच टाकली आणि म्हटलं, नाना, हे सगळं तुम्हाला माहीत होतं? पाणी मारायचं, तोंड बांधायचं, झटकायचं नाही, हे सगळं माहीत होतं?

शिडीवर उभे होते. नाकातोंडाला ओला रुमाल, वर फक्त डोळे.

"कामवर म्हाईत व्हतं," ते म्हणाले. "हाताखालना पोऱ्यासले तोंड बांधाले लावस मी. घरमा याद नही वनी."

मला वाटलं होतं मी आणखी चार शब्द सुनावीन. तोंडात होतेही. पण ते वळले आणि पुढच्या गादीवर पाणी मारायला लागले, आणि मी रुमाल बांधला.

दुपारी अक्कांना पेज द्यायला माझ्या खोलीत गेले. त्यांनी पलीकडचा आवाज ऐकत विचारलं, झालं का त्यांचं? म्हटलं, होत आलं. थोडा श्वास घेतला की बोलायच्या, मग पुन्हा थांबायच्या. म्हणाल्या, "त्यासनी माले जलमभर त्यासना कामले हात लावू दिन्हा नही. त्या दिन म्हने, चाल, तू बी ये." आणि हसल्या. सुकलेल्या ओठांनी, पण नव्या नवरीसारखं हसल्या हो. मी पेजेचा चमचा वाटीत नुसता फिरवत राहिले.

सगळ्या गोण्या नानांनी मागच्या पडीक जागेत खोल खड्डा करून पुरल्या. भंगारवाला घेणार नव्हता आणि कचऱ्याच्या गाडीत टाकायची त्यांची तयारी नव्हती, कुणीतरी उघडेल म्हणाले. मग भिंती ओल्या फडक्याने पुसल्या, पत्राही आतून पुसला. खोली धुतली. दार-खिडक्या उघड्या टाकल्या. त्या घरात वारा शिरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

अक्का त्या धुतलेल्या खोलीत परत आल्या, आणि दोन-चार दिवस आम्हाला वाटलंही की आता उतार पडतोय. खोकला कमी झाला. पण श्वास काही परत आला नाही. श्रावणात, पाऊस पत्र्यावर वाजत असताना त्या गेल्या. नानांचा हात कपाळावरच होता. कपाळ गार लागलं तरी त्यांनी तो उचलला नाही, शेवटी पुतण्याने उचलला.

दिवस झाले, माणसं आपापल्या गावी गेली. पुतण्या म्हणत होता, नाना, चला आमच्याकडे. ते नको म्हणाले. मी संध्याकाळी भाजी-भाकरी घेऊन पुढच्या खोलीत गेले, तर पत्र्याकडे बघत खाटेवर बसले होते. मी ताट ठेवलं. निघणार तेवढ्यात म्हणाले, "बाई, खरं सांगजो. ती कापूसमुये गयी ना?"

मी जन्मात कुणाची भीड ठेवली नाही. शाळेत हेडमास्तरांना तोंडावर सुनावलेलं आहे. त्या माणसाला तर मी शिडीवर असताना सुनावलं होतं, आणि तेव्हाचा राग माझ्या पोटातून अजून गेला नव्हता. पण त्यांनी विचारलं आणि त्यांच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. मांडीवर उलटा पडला होता, पाठ वर करून, काहीतरी चाचपायला ठेवल्यासारखा. मी म्हटलं, नाही नाना. डॉक्टर मला वेगळं म्हणाले होते. चुलीचा धूर. वर्षानुवर्षं फुंकणी फुंकली त्यांनी, फुफ्फुसं तेव्हाच जळाली होती. कापसाचं निमित्त झालं फक्त.

डॉक्टर असलं काही म्हणाले नव्हते. मी तिथल्या तिथे रचलं, आणि माझ्या मते चांगलं रचलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पटलं. खांदे जरा खाली आले त्यांचे.

मग मान हलवत म्हणाले, "ती चूल बी मीच मांडेल व्हती."